हिराच्या गोष्टीचा शेवट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. ज्या मैत्रिणीला मी माझ्या सासूबद्दल नको नको ते सांगून बसलेय, तिलाही नाही. आणि आता तुला सांगायला बसलेय. पंचावन्न वर्षांची बाई मी, ब्लडप्रेशरची गोळी वेळेवर घेतलेली — आणि एका आठवीतल्या पोरीच्या नावाने घाबरतेय. हसू नकोस. जरा अडखळत सांगेन, चालेल ना?

पोरीचं नाव हिरा. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. आम्ही अंधेरीला, वर्सोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका तीन मजली बिल्डिंगमध्ये राहायचो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, आमच्याकडे नुकता रंगीत टीव्ही आलेला. बाबा सरकारी नोकरीत, आई घर सांभाळून वाचनालयाच्या महिला मंडळात. हिराची आई बुधवारी आणि रविवारी मासळीची पाटी घेऊन आमच्या दाराशी यायची. आम्ही मासे खाणारे, चवीने खाणारे. आईला पापलेट चालायचं, पापलेटवालीची मुलगी घरात चालायची नाही. मला तेव्हा हे विचित्र वाटलं का? खरं सांगते, नाही वाटलं. सगळ्यांकडे तसंच होतं.

हिरा माझ्या बाकावर बसायची. उंच, काळीसावळी, बोलायला लागली की थांबायची नाही. मधल्या सुट्टीत ती काहीबाही सांगायला लागली की आमचे डबे उघडायचे राहून जायचे. तिच्या बापाच्या होडीत एकदा साप निघाला तो किस्सा तिने आम्हाला चारदा सांगितला असेल, आणि चारही वेळा मी पाय वर घेऊन बसले. माझ्याकडे असलं काही नव्हतं. माझ्याकडे होतं अक्षर. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार रोज मी लिहायचे.

आठवीत असताना वाचनालयाने आसपासच्या शाळांतल्या मुलांसाठी कथास्पर्धा ठेवली. विषय — माझा एक अनुभव. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं, अक्षर सुवाच्य हवं, आणि पहिला नंबर येईल त्याने बक्षीस समारंभात आपली गोष्ट स्वतः वाचून दाखवायची, ही तिथली पद्धत. हिराचं अक्षर म्हणजे कोंबडीने उकिरडा उकरावा तसं. मराठीच्या बाई मला म्हणाल्या, हिराची पक्की प्रत तू करून दे आणि वाचनालयात नेऊन दे. त्यात काही चोरी नव्हती बरं का. दरवर्षी कुणीतरी कुणाचं तरी उतरवून द्यायचंच.

हिरासाठी त्या स्पर्धेत काय होतं, ते मला पक्कं माहीत होतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर नंतर सोयीस्कर विसरेन. तिच्या मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. आता आईबरोबर बाजारात बसायला घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणजे आठवी झाली की हिराची शाळा बंद. बाईंनी तिच्या आईला शाळेत बोलावून खूप समजावलं. शेवटी ती माऊली म्हणाली, पोरीने बक्षीस आणलं तर दहावी होईपर्यंत तिला पाटीला हात लावायला सांगणार नाय. बाईंच्या समोर शब्द दिला तिने. मी तिथेच हजेरीचा तक्ता आखत बसले होते. शब्दन् शब्द ऐकला मी.

मग हिराने मला वही दिली. देताना एवढंच म्हणाली, नीट वाच हां. तिने ती माझ्याच हातात का दिली? बाईंनी सांगितलं म्हणून? की मी वाचावं म्हणून? चाळीस वर्षं झाली, मला अजून कळलेलं नाही.

रविवारची दुपार होती. आई आत कणीक मळत होती, बाबा झोपले होते. मी टेबलावर फुलस्केप कागद मांडले, समासाची रेघ ओढली, वही उघडली. पहिली तीन पानं झकास होती. कोळीवाड्यातून आमच्या बिल्डिंगपर्यंतचा रस्ता, नवा फ्रॉक, केसांत माळलेला अबोलीचा गजरा. मी उतरवत गेले. आणि चौथ्या पानावर माझं पेन थांबलं. कारण चौथ्या पानावर आमचं दार होतं.

आदल्या वर्षीचा माझा वाढदिवस होता तो. वर्गातल्या पाच जणींना मी बोलावणार होते — तोंडाने सगळ्यांना म्हटलं, या गं, म्हणून हिरापण आली. पाच जणी हॉलमध्ये सतरंजीवर बसल्या. हिराला आईने दाराजवळ बसवलं, चपलांच्या फळीशेजारी. इथे वारा लागतो गं, म्हणाली. तिला पुरी-श्रीखंड वाढलं ते कामवाल्या बाईच्या ताटलीत. एवढं आईचं झालं. पुढचं माझं आहे. कुणीतरी नाकाला रुमाल लावला आणि फिसकन हसली. मग दुसरी हसली. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी उठले, देवघरातली उदबत्ती घेतली, पेटवली, केळ्यात खोचली आणि ते केळं नेऊन हिराच्या शेजारी ठेवलं. सगळ्या पोट धरून हसल्या. मीही हसले.

हिराने ते कसं लिहिलं होतं माहितेय? मला पाठ आहे. पाठ करायची गरज पडली नाही, राहिलंच डोक्यात. "मला चपलांच्या शेजारी बसवलं. तिथे वारा येतो असं काकू म्हणाल्या. मग माझ्या मैत्रिणीने उदबत्ती आणली आणि माझ्याजवळ ठेवली. उदबत्ती देवाला लावतात आणि मेलेल्या माणसाला लावतात. मी पुरी खाल्ली आणि घरी गेले." बस. एवढंच. एक शिवी नाही, रडणं नाही.

माझं नाव तिने लिहिलं नव्हतं. पण तीन मजली बिल्डिंग, हिरवं दार, महिला मंडळात जाणाऱ्या काकू — आणखी काय लिहायचं राहिलं? परीक्षक होते ते मास्तर आमच्या मागच्याच गल्लीत राहायचे. वाचनालयात आईला सगळे ओळखायचे. आपली वाट लागली, हे मला तिथल्या तिथे कळलं. बाबा हात उगारायचे नाहीत, पण त्यांनी बोलणं टाकलं की आठ-आठ दिवस टाकायचे, आणि मला त्याची मारापेक्षा जास्त भीती वाटायची. आतून आईच्या बांगड्या वाजत होत्या. मी वही मिटली, परत उघडली. पाणी पिऊन आले.

आधी मी फक्त उदबत्ती काढणार होते. शप्पथ, तेवढंच. पण उदबत्ती काढली तर चपलांजवळ बसलेली मुलगी तशीच बसून राहते ना, तिचं काय करायचं? मग चपलांची फळी काढली. मग आई नुसतीच उभी राहिली, तिला काहीतरी काम द्यायला हवं होतं. मग मी लिहिलं — काकूंनी मला आपल्याजवळ बसवून घेतलं. आपल्या ताटातली गरम पुरी माझ्या ताटात वाढली. मी म्हणाले, काकू, माझ्या हाताला मासळीचा वास येतो. काकू म्हणाल्या, वेडी कुठली, कष्टाचा कधी वास येतो का? पुढे आणखी एक पान भरलं मी. लिहिता लिहिता माझेच डोळे भरून आले. आणि आता हे ऐक, कारण हे मी स्वतःशीसुद्धा कधी बोलत नाही — मला मजा आली. भीती कुठल्या कुठे गेली होती. मला वाटलं, काय छान लिहिते मी.

दुसऱ्या दिवशी हिरा म्हणाली, दाखव की. मी म्हटलं, दिलीसुद्धा वाचनालयात. खरं तर प्रत दप्तरात होती. संध्याकाळी नेऊन दिली.

पंधरा दिवसांनी निकाल लागला, हिरा पहिली. शाळेत बाईंनी तिला सगळ्यांसमोर जवळ घेतलं. तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, तुझ्या अक्षरामुळे गं. मला तेव्हा बक्षीस समारंभ आठवला. गोष्ट तिला वाचून दाखवावी लागणार, हे मला का सुचलं नाही? नियम तर मीच फळ्यावर लिहिला होता. पण मला वाटलंच नव्हतं ना तिचा नंबर येईल. की आपण एवढं बिघडवून ठेवलंय, आता काही नंबर येत नाही — असं वाटलं होतं? खरंच सांगता येत नाही. समारंभाला सहा दिवस होते. सहा दिवसांत मी तिला केव्हाही सांगू शकले असते, बाकावर ती माझ्या शेजारीच बसत होती. तिसऱ्या दिवशी मला ताप भरला. खरा ताप, थर्मामीटर लावून बघितला आईने. पण मेला समारंभाच्या आदल्या दिवशी उतरला.

वाचनालयाचा वरचा हॉल भरला होता. आई दुसऱ्या रांगेत, नारायणपेठी नेसून. हिराची आई सगळ्यात मागे, खुर्ची रिकामी असूनही उभी. अंगावर ठेवणीतलं लुगडं, डोक्यात फुलं. तिला अशी, पाटीशिवाय नटलेली, मी पहिल्यांदाच बघत होते. मास्तर बोलायला उठले. म्हणाले, या गोष्टीच्या शेवटी माझ्या डोळ्यांना पाणी आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या क्षणी — घाम फुटलेला असताना, जीव मुठीत धरून बसलेली असताना — मला उभं राहून सांगावंसं वाटलं, शेवट माझा आहे. विश्वास बसतो का तुझा? माझा अजून बसत नाही.

हिराने वाचायला सुरुवात केली. छान वाचत होती, खडखडीत आवाजात. रस्ता झाला, फ्रॉक झाला, गजरा झाला. मग पान उलटलं. तिने दोन वाक्यं वाचली — काकूंनी जवळ बसवलं, पुरी वाढली — आणि थांबली. मान वर करून तिने मागे बघितलं, स्वतःच्या आईकडे. वाढदिवसाच्या दिवशी ती घरी जाऊन आईला सगळं सांगून मोकळी झाली असणार, हे मला तेव्हा कळलं. मग ती म्हणाली, "हितून पुढचं मी नाय लिवलेलं. हे हिने घातलंय." आणि बोट माझ्याकडे केलं.

आम्हाला मागच्या छोट्या खोलीत नेलं. मास्तर, बाई, माझी आई, आम्ही दोघी. हिराची आई दारात, उंबऱ्याच्या बाहेर. मास्तर चांगले होते, ओरडले नाहीत. हिराला विचारलं, तू काय लिहिलं होतंस मग? हिरा म्हणाली, माझी वही हिच्याकडे हाय, त्यात बघा. मग ते माझ्याकडे वळले. वही आहे का तुझ्याकडे, बाळ?

वही घरी होती, माझ्या कपाटात, स्वेटरखाली.

आई माझ्याकडे बघत होती. ती काही बोलली नाही, खूणही केली नाही — तिच्यावर ढकलत नाहीये मी हे. मी म्हणाले, वही नव्हतीच. ती तोंडी सांगायची आणि मी लिहायचे. तिला नीट सांगता येत नव्हतं, म्हणून बरंचसं मीच लिहिलं. सगळीच गोष्ट म्हटलं तरी चालेल.

बघ, हे आहे ते. हे सांगायला एवढा वेळ लावला मी. घाबरले होते म्हणून नुसतं गप्पही बसता आलं असतं. मी गप्प बसले नाही. तिची पहिली तीन पानंसुद्धा मी माझ्या नावावर घेतली, आणि ती समोर उभी होती.

हिरा रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, जरा डोकं वाकडं करून, ऐकू नीट आलं नसावं तशी. तिच्या आईने आत येऊन तिचं मनगट धरलं. त्या बाईला खरं माहीत होतं. माझ्या आईलाही माहीत होतं. आणि ती माझ्या आईला म्हणाली, "वैनी, पोरीची चूक झाली, पदरात घ्या." दहा वर्षांचं गिऱ्हाईक होतो ना आम्ही. माझी आई म्हणाली, असू दे, लहान आहे.

बक्षीस रद्द झालं, दुसऱ्या नंबराच्या मुलाला गेलं. मास्तरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, मैत्रिणीसाठी केलंस, मन मोठं आहे तुझं, पण नियम तो नियम. घरी आल्यावर आईने मला चहा करून दिला. माझे केस सारखे केले आणि म्हणाली, छान लिहितेस हो तू. वाढदिवसाचा विषय आमच्या घरात त्यानंतर कधीच निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवायचं काम मी आपणहून मागून घेतलं. बाबांना कौतुक वाटलं. वही मी त्यात घातली. तिच्यात आणखी दोन गोष्टी होत्या. एक तिच्या आजीची, बोंबील वाळत घालता घालता दर्याशी भांडणाऱ्या म्हातारीची. ती मी वाचली होती. दुसरी वाचलीच नव्हती. कशावर होती मला माहीत नाही, आणि आता कुणालाच कळायचं नाही. पुठ्ठा लवकर जळेना, म्हणून मी चिमट्याने दाबून धरला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा माझ्या शेजारी दुसरी मुलगी बसली.

श्रावण संपल्यावर एका बुधवारी बेल वाजली. आईने आतून सांगितलं, ताट घेऊन जा, मासळी आली वाटतं. दार उघडलं तर हिरा. पाटी खाली ठेवत होती. पातळ नेसली होती, मोठीच दिसत होती. वाटलं, आता ही बोलणार, जिन्यात उभी राहून सगळ्या बिल्डिंगला ऐकवणार. तिने माझ्या ताटात बोंबील ठेवले. तिच्या बोटांवर बारीक बारीक चिरा पडल्या होत्या. मग हळूच विचारलं, "माझी वही हाय ना गं?" मी म्हटलं, हरवली. ती बरं म्हणाली. पाटी डोक्यावर चढवली आणि वरच्या मजल्यावर गेली.

त्यानंतर सात वर्षं ती आमच्या दारात येत होती. पुन्हा एक शब्द बोलली नाही. आज काय ताजं आहे, उद्या काय आणू, एवढंच. आणि सात वर्षं बुधवार आणि रविवार म्हटला की मी सकाळी उठल्यापासून बेलकडे कान लावून असायचे. बेल वाजली की मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा माहेर सुटल्याचं दुःख व्हायचं सोडून मला सुटल्यासारखं वाटलं. आजही आमच्याकडे मासे नवरा आणतो. सगळ्यांना वाटतं, मला बाजाराची किळस आहे.

आणि आई? आई ती गोष्ट सांगायला लागली. आधी महिला मंडळात, मग नातेवाइकांत, मग माझ्या सासरी. कोळ्यांची एक मुलगी होती, हिच्या वर्गातली, तिला मी माझ्या शेजारी बसवून माझ्या ताटातली पुरी वाढली होती, त्या काळात. पहिल्यांदा सांगताना ती माझ्याकडे बघायची नाही. नंतर नंतर बघायला लागली. शेवटच्या वर्षांत तर तिला ते खरंच आठवायचं — पुरी कशी फुगली होती, पोरगी कशी लाजत होती. मी प्रत्येक वेळी तिथे असायचे. प्रत्येक वेळी मान डोलवायचे.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. तेराव्याला घरात वीसेक माणसं होती. जेवणं झाल्यावर जो तो तिच्या आठवणी काढत होता. मावशीने हीच काढली. पोरीला ताईने आपल्या ताटातलं वाढलं हो, कोण करत होतं तेव्हा असं? माझी मुलगी ऐकत होती. तिने ही गोष्ट लहानपणापासून ऐकलीय, तिला आजीचा फार अभिमान. मावशी माझ्याकडे वळली. तू होतीस ना गं तिथे?

बाबा कधीच गेलेत. मास्तर गेले असतील. आई नव्हती. मला कुणी काही करणार नव्हतं, कुणी बोलणं टाकणार नव्हतं. तरी चौदाव्या वर्षाइतकीच घाबरले. आणि मी म्हणाले, हो, होते ना. आईने तिला स्वतःच्या हाताने भरवलं होतं.

भरवलं, हे माझ्या गोष्टीत नव्हतं. चौदाव्या वर्षी मी नुसतं वाढलं असं लिहिलं होतं. भरवलं हे मी त्रेपन्नाव्या वर्षी घातलं.